सांधणची धूळ

आमच्या घरात भिंतीवर फोटो लावण्याची रीत नव्हती. एका भिंतीवर काबा शरीफ आणि मदिना मुनव्वराचे चित्र असलेले कॅलेंडर, दुसऱ्या भिंतीवर मशिदीने छापलेले नमाजच्या वेळांचे पत्रक, बस्स. दादा-दादींचा फोटो नव्हता, अम्मी-अब्बांच्या निकाहचाही नव्हता. "जानदार की तस्वीर दीवार पर नहीं लगेगी," हा अब्बांचा नियम. पासपोर्ट, आधार कार्ड, हजचा अर्ज यांवरचे फोटो ही त्यांच्या लेखी मजबुरी होती. "सरकार माँगती है, तो देते हैं," एवढे म्हणून ते विषय संपवत.

आम्ही दोघे भाऊ. थोरला उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवतो, धाकटा भिवंडीतच यंत्रमागाच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. दोघांच्या वयात अंतर जेमतेम दीड वर्षाचे. त्यामुळे लहानपणी सायकल एक, पुढे मोटारसायकल एक, आणि कॅमेराही एकच. बीसीचे पैसे उचलून आम्ही तो जुना विकत घेतला. आमच्या फोटोंपैकी कोणता कुणी काढला, हे आम्ही कधी लक्षात ठेवले नाही. म्हणून हे लिहितानाही 'आम्ही' असेच लिहिणे बरे. जी चूक सांगायची आहे, तीही दोघांची आहे.

कॅमेरा घरी आला त्या दिवशी अब्बा काही बोलले नाहीत. रात्री इशाहून आल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बसवले आणि हजरत इब्ने अब्बास यांची हकिगत सांगितली. एक माणूस त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, चित्रे काढण्यावरच माझे पोट आहे, मी काय करू? तेव्हा त्यांनी त्याला सल्ला दिला की काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यात रूह नाही अशा वस्तू काढ. हदीसच्या ग्रंथांत ही हकिगत आहे. कॅमेऱ्याचा फोटो हे हाताने काढलेल्या चित्रासारखे मानावे की आरशातल्या प्रतिबिंबासारखे, यावर आलिम लोकांत मतभेद आहेत हे आम्हाला ठाऊक होते. पण अब्बांशी वाद घालण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. अब्बा म्हणाले, "पत्थर का निकालो, पानी का निकालो. अल्लाह की कारीगरी कम है क्या?"

अशा रीतीने आम्ही निसर्गाचे फोटो काढणारे झालो. आवड होतीच, पण वाट अब्बांनी दाखवली. सुट्टीच्या दिवशी पहाटे फजर झाली की मोटारसायकल काढायची आणि माहुली, मलंगगड, माळशेज असे कुठेतरी जायचे. फोटोत माणूस येणार नाही याची आम्ही इतकी काळजी घ्यायचो की पुढे पुढे त्याचा अभिमान वाटू लागला. एखादा गुराखी चौकटीत आला तर तो बाहेर जाईपर्यंत आम्ही थांबत असू. डोंगर कसा अगदी पहिल्या दिवसासारखा, कुणाची सावली न पडलेला दिसला पाहिजे, असे आम्हाला वाटे.

या नादातच आम्ही सांधणला पोहोचलो.

सांधणची दरी अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ आहे. तेव्हा जिल्हा अहमदनगर होता, २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. भिवंडीहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, बारी, भंडारदरा असे सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतर जावे लागते. गावापासून थोडे चालले की सपाट माळावर जमिनीला एकदम चीर पडलेली दिसते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. त्यातल्या फटीत पाणी शिरत गेले आणि कापत कापत त्याने ही नळी कोरली. दरीची लांबी सुमारे दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंच्या भिंती दोनशे-तीनशे फूट उंच, आणि मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. तोंडाशी पाण्याचे दोन डोह आहेत, ते ओलांडूनच आत जावे लागते. पुढे खडकांचा खच. त्यापुढे दोराने उतरायचा पहिला कडा, आणि नंतर दरी खाली कोकणाच्या बाजूला उतरत जाते. समोर बाणाचा सुळका उभा असतो. पावसाळ्यात आत कुणी जात नाही. आजूबाजूच्या माळाचे सारे पाणी या एकाच चिरेतून वाहते.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते डिसेंबर २०२१ मध्ये. वाटाड्या म्हणून साम्रदचे एक महादेव कोळी गृहस्थ मिळाले. वय पन्नासच्या पुढे, अंगाने किरकोळ, आणि खडकावरून असे चालत की आम्ही घरातही तसे चालत नसू. सगळे त्यांना मामा म्हणत, आम्हीही मामाच म्हणू लागलो. आमच्यातला एक शिक्षक आहे हे कळताच त्यांनी दोघांनाही गुरुजी करून टाकले.

त्या खेपेस आम्ही निराश झालो. दरीच्या तळाला ऊनच नव्हते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, भिंती उंच. वरच्या काठावर उजेड आणि खाली दिवसभर सावली. आमच्या डोक्यात मात्र इंटरनेटवर पाहिलेले अमेरिकेतल्या अँटिलोप कॅनियनचे फोटो होते. अरिझोनात, नवाहो आदिवासींच्या भूमीवर वालुकाश्माची ती घळ आहे. दुपारी वरच्या फटीतून उन्हाचा एकच झोत तळापर्यंत येतो आणि खांबासारखा उभा राहतो. २०१४ साली तिथल्या एका फोटोची विक्री पासष्ट लाख डॉलरला झाल्याचे छायाचित्रकाराच्या कंपनीने जाहीर केले होते. आम्हाला डॉलर नको होते, पण तो खांब हवा होता.

मामांना विचारले, "मामा, इथे खाली ऊन येतच नाही का?"

"येतं की," मामा म्हणाले. "पर त्याला वैशाख लागतो. सूर्य डोक्यावर आला मंजे येतं. घडीभर."

भूगोलाच्या गुरुजींना ही गोष्ट वाटाड्याकडून कळावी, याची गंमत वाटली आणि थोडी लाजही. दरवर्षी वर्गात शून्य सावलीचा दिवस शिकवायचा, काठी उभी करून मुलांना दाखवायची, आणि स्वतःच्या कामाला मात्र ते ज्ञान सुचायचे नाही! साम्रदच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या मध्याला, सतरा तारखेच्या आसपास. आणि वेळ? ती तर आमच्या भिंतीवरच टांगलेली होती. नमाजच्या पत्रकात झवालची वेळ असते. सूर्य माथ्यावर असताना नमाज पढत नाहीत, तो ढळला की जुहरची वेळ सुरू होते. भिवंडीत त्या दिवसांत ही वेळ साडेबाराच्या पुढे तीन-चार मिनिटे असते. साम्रद अर्ध्या अंशाहून थोडे अधिक पूर्वेला, म्हणजे तिथे दोन-अडीच मिनिटे आधी. मशिदीच्या पत्रकावरून फोटोची वेळ काढल्याचा आम्हाला फार आनंद झाला.

पण मे महिन्याचा मध्य म्हणजे वळवाचेही दिवस. ही दुसरी बाजू आम्हाला ठाऊक नव्हती असे नाही. अँटिलोप कॅनियनचे फोटो पाहताना त्याची दुसरी हकिगतही आम्ही वाचली होती. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे अकरा पर्यटक बुडून मेले. घळीवर त्या वेळी मोठा पाऊस नव्हता. तो कित्येक मैल दूर, वरच्या बाजूला कोसळला होता आणि पाणी भिंतीसारखे आत आले. थोरल्याने ही घटना वर्गात मुलांना सांगितली होती. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, हे समजावण्यासाठी!

२०२२ साली ईद ३ मे रोजी झाली. शाळेला उन्हाळी सुट्टी होती, धाकट्याने दोन दिवसांची रजा काढली, आणि १७ मेच्या सकाळी आम्ही साम्रदला हजर झालो. मामांनी आभाळाकडे पाहून एकच अट घातली.

"गुरुजी, एक वाजला की मागं फिरायचं. दुपारच्याला वळीव येतो. तो सांगून येत नाय."

आम्ही कबूल केले.

डोहांत पाणी कमी होते, पहिला घोट्यापर्यंत, दुसरा गुडघ्यापर्यंत. खडकांवरून उड्या मारत, कुठे बसून घसरत, कुठे मामांच्या हाताला धरून आम्ही साडेअकराला ठरवलेल्या जागी पोहोचलो. दोराच्या कड्याच्या अलीकडेच एक वळण आहे, तिथे भिंती अगदी जवळ येतात. स्टँड लावले, कॅमेरा बसवला. अशा जागी फोटो काढणे कठीण असते. वरची फट पांढरीशुभ्र, खालचा दगड काळा, आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकाच वेळी झेपत नाहीत. म्हणून एकाच जागेवरून तीन-तीन फोटो घ्यायचे, एक उजेडासाठी, एक सावलीसाठी, एक मधला. त्यात स्टँड केसभरही हलता कामा नये.

साडेबाराला ऊन उतरले. पण खांब दिसेना! भिंतीवर उजेड होता, तळाच्या दगडांवर उजेड होता, मध्ये मात्र काहीच नव्हते. हवा स्वच्छ होती. मग आठवले की अँटिलोपमध्ये वाटाडे फावड्याने वाळू उडवतात, तेव्हा कुठे तो झोत फोटोत येतो. आम्ही मामांना सांगितले. त्यांना आधी हसू आले. मग त्यांनी कपारीतली कोरडी, बारीक माती टॉवेलात गोळा केली, वळणाआडच्या पुरुषभर उंच खडकावर चढले आणि तिथून ओंजळीने उधळू लागले.

आणि खांब उभा राहिला. काळ्या भिंतींच्या मध्ये सोन्याचा सरळ खांब, वरपासून खालपर्यंत. आमच्या तोंडून एकदमच 'सुब्हानल्लाह' निघाले.

"मामा, अजून एकदा!"

मामांनी पंधरा-वीस वेळा तरी माती उधळली. दर खेपेला खाली उतरायचे, माती गोळा करायची, पुन्हा चढायचे. डोळे लाल झाले होते, खोकला सुटला होता. "जरा डावीकडे मामा, तुमचा हात फोटोत येतोय," असे आम्हीच त्यांना सांगितले होते. हे वाक्य आजही आठवते.

एकच्या आधी झोत सरकून भिंतीवर गेला. मामा म्हणाले, "झालं? चला." आम्ही म्हणालो, "मामा, जुहर पढून घेतो." त्यांनी मान डोलावली. डोहातून बाटलीत भरून आणलेल्या पाण्याने वुजू केला. मुसाफिर असल्याने कसर होती, दोनच रकात फर्ज. दरी पश्चिमेकडे उतरते, त्यामुळे आमचे तोंड आपोआपच तिच्या मोकळ्या बाजूला होते. त्या नमाजला दहा मिनिटेही लागली नाहीत. उशीर त्यामुळे झाला नाही.

उशीर झाला तो त्यानंतर. समोरच्या भिंतीवर ऊन तिरके पडून दगडाचे सारे थर उठून दिसू लागले. आम्ही पुन्हा स्टँड लावले. "पाच मिनिटं मामा." मामा खडकावर बसून वर पाहत होते. त्यांनी तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा म्हणाले, "गुरुजी, वारं फिरलं. आता निघाय पायजे." तेव्हा दोन वाजून गेले होते. निघालो तोवर अडीच.

दरीत आभाळ दिसते ते वरच्या फटीएवढेच. ती फट एकाएकी काळवंडली. गार वारा आला, त्याला ओल्या मातीचा वास होता. एरवी तो वास किती आवडतो! आम्ही अर्धी वाटही चाललो नव्हतो. परतीची वाट चढाची, म्हणजे पाणी येणार ते समोरून. खडकांच्या मधून आधी एक मातकट धार आली, पायाच्या अंगठ्याएवढी. मामांनी ती पाहिली आणि धावत उजवीकडच्या भिंतीकडे गेले. तिथे दीड पुरुष उंचीवर एक कपार होती.

"वर! आधी वर चढा!"

धाकट्याला त्यांनी खांद्यावर घेऊन चढवले. थोरला त्यांच्या गुडघ्यावर पाय देऊन चढला. मग आम्ही ओरडलो, "मामा, बॅग!" हो, आम्ही ते ओरडलो. मामा वळले, खडकावरची कॅमेऱ्याची बॅग उचलून त्यांनी आमच्याकडे फेकली. तेवढ्यात आवाज आला. पाण्याच्या आधी पाण्याचा आवाज येतो. मामा कपारीला हात घालून चढत होते, पाणी त्यांच्या कमरेला लागले, आणि वाहून आलेला एक दगड त्यांचा डावा हात भिंतीवर चेपून पुढे गेला. आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून वर ओढले.

त्या कपारीत आम्ही तिघे दीड-दोन तास बसून होतो. खालून लाल पाणी जात होते. त्यात फांद्या होत्या आणि आमचे स्टँडही. मामांचे मनगट सुजून टम्म झाले होते. आमच्या रुमालांनी ते बांधले. आम्ही कलमा पढत होतो, मामा त्यांच्या देवीचे नाव घेत होते. असरची वेळ सावलीवरून ठरते, पण तिथे सावलीच नव्हती. घड्याळ पाहून बसल्या जागी इशाऱ्याने नमाज पढलो. मामा आम्हाला जागा मिळावी म्हणून सरकून बसले.

वळीव थोड्या वेळाचा होता म्हणून हे लिहीत आहोत. पाच वाजेपर्यंत पाणी ओसरले. दुसऱ्या डोहात छातीपर्यंत पाणी होते. एका हाताने आम्हाला आधार देत मामांनी तोही ओलांडून दिला. वर पोहोचलो तेव्हा माळावर मावळतीचे ऊन पडले होते, जणू काही झालेच नव्हते. रात्री त्यांना दवाखान्यात नेले. मनगटाचे हाड मोडले होते. प्लास्टर होताना मामांनी विचारले, "गुरुजी, फोटो चांगला आला ना?"

ठरलेली मजुरी आम्ही दिली, दवाखान्याचा खर्चही दिला, आणि हिशेब पुरा झाला असे समजून घरी आलो. घरी सांगितले की पाऊस लागला, स्टँड वाहून गेले. मामांच्या हाताचे सांगितले नाही. अम्मी काळजी करील, हे कारण आम्ही एकमेकांना दिले.

फोटो अप्रतिम आला होता. मोठा करून चौकटीत बसवला. खाली मथळा लिहिला, 'निर्जन'. अब्बांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ये लगा दो." आमच्या घराच्या भिंतीवर लागलेला तो पहिला फोटो.

दोन-तीन आठवड्यांनी, एका रात्री जेवणानंतर, अब्बा त्या फोटोसमोर उभे होते. त्यांनी मागे न पाहता विचारले, "ये रोशनी दिखी कैसे?"

आम्ही झवाल, अक्षांश वगैरे सांगू लागलो. अब्बांनी हात हलवला.

"वो नहीं. रोशनी दिखती नहीं, बेटा. धूल दिखती है. तीस साल कारखाने में देखी है. छप्पर के छेद से धूप आती थी, तो सूत का रुवाँ उसमें नाचता था. लूम बंद, तो रुवाँ बंद, तो धूप भी ग़ायब. यहाँ धूल किसने उड़ाई?"

आम्ही गप्प बसलो. मग सगळे सांगितले. टॉवेलातली माती, 'तुमचा हात फोटोत येतोय', तीनदा दिलेली ताकीद, बॅग, दगड, मनगट, सगळे. बोलताना आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

अब्बांनी फोटो खिळ्यावरून काढला आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला.

"बेजान समझ के लगाया था. इसमें तो आदमी है," ते म्हणाले. "उसका खेत होगा. बारिश सर पे है. एक हाथ से क्या करेगा वो?"

घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकलेली. अब्बा स्वतः मजूर, त्यामुळे ती त्यांच्या तोंडी नेहमी असे. पण मजुरी म्हणजे फक्त ठरलेले पैसे असे आम्ही धरून चाललो होतो. मोडलेल्या हाताने बुडणारा हंगाम आमच्या हिशेबात कुठेच नव्हता. आणि आमच्यातला एक तर हिशेबनीसच!

त्या दिवसांत थोरल्याने जुन्या छायाचित्रकारांविषयी वाचायला घेतले. सॅम्युअल बोर्न नावाच्या इंग्रजाने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोहिमा केल्या. १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांवर, त्याने फोटो काढले. तेव्हा काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढावा लागे आणि लगेच धुवावा लागे. म्हणजे काचा, रसायने, अंधाऱ्या खोलीचा तंबू, सारे बरोबर हवे. पहिल्याच मोहिमेत तीसेक हमाल होते. बोर्नचे नाव आज पुस्तकांत आहे, फोटो संग्रहालयांत आहेत. ज्यांच्या पाठीवर त्या काचा चढल्या, त्यांची नावे आमच्या वाचनात कुठे आली नाहीत. दुसरा एक किस्सा मात्र दिलासा देणारा होता. अमेरिकेत १८७१ साली मेजर पॉवेल यांच्या कोलोरॅडो नदीच्या दुसऱ्या मोहिमेत जॉन हिलर्स हा वल्ही मारायला घेतलेला माणूस. त्याने कॅमेऱ्याचे काम शिकून घेतले आणि १८७२ मध्ये तोच मोहिमेचा छायाचित्रकार झाला. ग्रँड कॅनियनच्या सुरुवातीच्या फोटोंपैकी कितीतरी एका नावाड्याने काढलेले आहेत. नावाड्याला नदी कळत होती, म्हणून त्याला फोटोही कळला असावा, असे आम्हाला वाटते. आम्हाला मात्र दरी कळली नव्हती. आम्हाला फक्त ऊन कळले होते.

जुलैच्या सुरुवातीला, आवणीच्या दिवसांत, आम्ही पुन्हा साम्रदला गेलो. धुके इतके की रस्ता दिसेना. मामा बांधावर बसून होते. खाचरात मामी आणि सून वाकून रोपे लावत होत्या. आम्ही अब्बांनी दिलेले पाकीट पुढे केले. मामा घेईनात. "पैसं दिलेत की तुमी." तेव्हा अब्बांचा निरोप जसाच्या तसा सांगितला, "ही खैरात नाही, राहिलेली मजुरी आहे. मीही मजूर होतो." मामांनी थोडा वेळ पाकिटाकडे पाहिले आणि ते बंडीच्या खिशात ठेवले. त्यातून दोन गडी लावून दोन दिवसांत आवणी उरकली. त्यात एक दिवस आम्हीही चिखलात उतरलो. आमची ओळ पाहून मामींना हसू आवरेना. आम्ही लावलेली अर्धी रोपे सुनेने पुन्हा लावली.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मामांना फोटो दाखवला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला.

"यात मी कुठाय?"

आम्ही उन्हाच्या खांबावर बोट ठेवले. "ही धूळ तुमची, मामा."

ते हसले. मग म्हणाले, "मंग माझा बी एक काढा की. दरीच्या तोंडाशी. नातवाला दाखवाया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दरीच्या तोंडाशी गेलो. आत लाल पाणी धडधडत होते. मामा काठापासून दूर, पोत्याची खोळ पांघरून उभे राहिले. प्लास्टर काढले होते, पण हात छातीशीच धरलेला. आम्ही वर्षानुवर्षे ज्यांना चौकटीबाहेर जायला सांगत आलो होतो, त्यातल्या एका माणसासाठी पहिल्यांदा चौकट लावली. तो फोटो साम्रदला त्यांच्या घरात लागला आहे. ते त्यांचे घर, त्यांची भिंत.

घरी आल्यावर अब्बांना हे सांगावे की नाही, असा प्रश्न पडला. पण एकदा लपवून पाहिले होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्ही मामांचा फोटो अब्बांना दाखवला. अब्बांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी जमिनीवरची चौकट उचलली, पदराने पुसायला अम्मीकडे दिली आणि परत खिळ्याला लावली. 'निर्जन' हा मथळा आम्ही खरवडून काढला होता. त्या जागी आता उर्दूत आणि मराठीत मामांचे नाव आहे. इथे ते छापायला मामांनी नको म्हटले, म्हणून लिहीत नाही.

मामांचे मनगट आता पूर्ण वळत नाही. दोर धरताना त्यांना त्रास होतो, ते काम त्यांचा भाचा करतो. आम्ही त्यानंतर दोनदा मे महिन्यात सांधणला गेलो. एकदा झोत मिळाला. दुसऱ्या खेपेला बाराच वाजले होते, स्टँड लावून झाले होते, ऊन भिंतीवरून खाली सरकत होते. अजून अर्धा तास थांबलो असतो तर खांब उभा राहिला असता. मामांनी वर पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, निघू."

आम्ही कॅमेरा बॅगेत ठेवला आणि निघालो. त्या दिवशी पाऊस आला नाही.